कीर्तनाच्या व्हिडिओचा ऑडिओ करून बटणाच्या फोनमध्ये कसा भरायचा?

निफाडकरीण
नमस्कार मंडळी. आमचे सासरे (घरात सगळे त्यांना अण्णाच म्हणतात) बटणाचा फोन वापरतात. स्मार्टफोन घेऊन दिला होता, तो कपाटात पडून आहे. त्यांना मळ्यात पाणी भरताना कीर्तन ऐकायचं असतं. आमच्या भागातल्या सप्ताहांची कीर्तनं हल्ली यूट्यूबवर लाइव्ह असतात, एकेक दोन-सव्वादोन तासांचं. विहिरीच्या पलीकडे रेंज नाही, आणि असती तरी त्या फोनवर यूट्यूब कुठून येणार? म्हणून ऑडिओ करून मेमरी कार्डात भरून द्यायचा बेत आहे.

नेटवर शोधलं तर ढीगभर साइट निघतात. लिंक चिकटवा, ३२० निवडा, डाउनलोड करा. पण बटण दाबलं की भलतंच पान उघडतं आणि 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' म्हणून ओरडायला लागतं. एका साइटने तर गाण्याऐवजी एपीके (म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची) फाइल हातात दिली. शेवटी एक फाइल नीट उतरली, ती लॅपटॉपवर वाजते, पण अण्णांचा फोन म्हणतो फॉरमॅट चालत नाही. तर भरवशाचं साधन कोणतं, आणि ८ जीबीच्या कार्डात अशी कीर्तनं मावतील तरी किती?

सिडकोचा_बाळ्या
ताई, एवढी खटपट कशाला? मेन रोडला जा, कुठल्याही मोबाइलवाल्याला कार्ड द्या, चहा पिऊन येईपर्यंत भरून देतो. वर दोन-चार डीजे मिक्स फुकट.

निफाडकरीण
तोच तर घोळ. शेजारच्या काकांनी तसं भरून आणलं. हरिपाठ संपला की थेट हळदीचं गाणं लागतं. काकांना त्या फोनवर पुढचं गाणं कसं लावायचं ते माहीत नाही, त्यामुळे तेही पूर्ण ऐकतात :)

अंबडचा_फिटर
सोपंय. फाइलच्या नावात शेवटी 'एमफोरए' असेल तर ते खोडून 'एमपीथ्री' लिहा. झालं काम.

बिटरेट_बुवा
फिटरभाऊ, नाव बदलल्याने आतला माल बदलत नाही. ताईंच्या फाइलचं बहुतेक हेच झालंय. पुष्कळ साइट रूपांतर करतच नाहीत. यूट्यूबकडे एएसी या वेगळ्या फॉरमॅटमध्ये असलेला आवाज उचलतात आणि वर एमपीथ्रीचं लेबल डकवून देतात. लॅपटॉपवरचे प्लेयर नावावर न जाता फाइलच्या आत डोकावतात, म्हणून वाजतं. बटणाच्या फोनला तेवढी अक्कल नसते.

आता ३२० चं. हा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट (केबीपीएस) आवाजासाठी वापरले ते. यूट्यूबवर आवाज असतो तोच साधारण १२८ केबीपीएस एएसी, नाहीतर १६० च्या आसपास ओपस (हा आणखी एक फॉरमॅट). त्याची ३२० ची एमपीथ्री केली म्हणजे फक्त फाइल फुगली. जो आवाज मुळातच नाही तो येणार कुठून? हिशोब बघा: ३२० ला तासाला सुमारे १४४ एमबी, १२८ ला ५८, आणि ६४ ला २९. कीर्तनात बोलणं जास्त, तेव्हा ६४ मोनो (डावं-उजवं वेगळं न ठेवता एकच चॅनेल) पुरतं. ८ जीबीच्या कार्डात पावणेतीनशे तासांच्या आसपास बसेल. अण्णांचा पुढच्या सप्ताहापर्यंतचा शिधा झाला.

बिटरेट 'कॉन्स्टंट' (सगळीकडे सारखा) ठेवा. 'व्हेरिएबल' (कमी-जास्त होणारा) ठेवला तर जुने फोन आणि गाडीतले टेप वेळ चुकीची दाखवतात, पुढे ढकलायला गेलं की भलतीकडेच उडी मारतात.

साधन म्हणाल तर घरच्या कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेयर असेलच. 'मीडिया'मध्ये 'कन्व्हर्ट/सेव्ह', फाइल निवडा, प्रोफाइलमध्ये एमपीथ्री, बाजूच्या पान्याच्या चिन्हावर बिटरेट आणि चॅनेल बदला. फुकट आणि जाहिरातीशिवाय. व्हिडिओ मात्र आधी हातात हवा. तो यूट्यूबवरून कसा आणायचा यावर इथे रामायण होणार, म्हणून मी थांबतो.

पंचवटी_पासधारक
मुळात रूपांतर हवंच कशाला? मी रोज गाडीने मुंबई करतो. इगतपुरी सुटली की कसाऱ्यापर्यंत बोगदेच बोगदे, रेंजचा पत्ता नाही. फोनमध्ये व्हिडिओ भरून ठेवतो, व्हीएलसीत 'ऑडिओ म्हणून चालवा' करतो आणि स्क्रीन बंद. बॅटरीही टिकते.

बिटरेट_बुवा
दादा, अण्णांकडे बटणाचा फोन आहे. धाग्याची पहिलीच ओळ.

पंचवटी_पासधारक
गाडीत उभ्याने वाचत होतो, पहिली ओळ कोणाच्या तरी कोपराखाली होती. माफी. पण स्मार्टफोनवाल्यांनी तरी उगाच एमपीथ्री करत बसू नये, एवढंच माझं म्हणणं.

सिडकोचा_बाळ्या
रामायण होऊ द्या की बुवा. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

कायदेकानू
घ्या मग. इथे तीन गोष्टी आहेत आणि लोक त्यांची खिचडी करतात.

पहिली, यूट्यूबच्या अटी. त्यांनी दिलेल्या सोयीशिवाय डाउनलोड करू नका असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हा तुमचा त्यांच्याशी झालेला करार. दुसरी, आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठीच्या रास्त वापराला सूट आहे. ती तुमच्या कानापुरती. कार्डं भरून विकायला नाही, बाळ्याच्या मोबाइलवाल्याला तर अजिबात नाही. तिसरी, हक्क कोणाचा? तुकोबांच्या अभंगावर आज कोणाचा कॉपीराइट नाही. पण बुवांनी केलेलं कीर्तन हा त्यांचा प्रयोग आहे आणि ज्याने ते रेकॉर्ड केलं त्याचा ध्वनिमुद्रणावर हक्क आहे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की पुढची ६० वर्षं तो हक्क चालतो. म्हणजे १९५०-६० च्या जुन्या तबकड्यांवरचा ध्वनिमुद्रणाचा हक्क संपलेला असतो, मागच्या महिन्यातल्या सप्ताहाचा नाही.

यातून मार्ग काय? विचारायचं. सप्ताह समितीचा फोन नंबर पत्रिकेवर छापलेला असतो.

बिटरेट_बुवा
कायदेकानूंशी सहमत. त्यात थोडा इतिहास घालतो. २०१७ मध्ये एक फार मोठी लिंक-चिकटवा साइट रेकॉर्ड कंपन्यांच्या खटल्यानंतर बंद पडली. २०२० च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या गिटहब या साइटने यूट्यूब-डीएल हा व्हिडिओ उतरवायचा प्रोग्रॅमच काढून टाकला, नोव्हेंबरात परत ठेवला. आज लोक वापरतात ते वायटी-डीएलपी त्याचंच पिल्लू. थोडक्यात, साइट येतात-जातात. आज चांगली म्हणून सांगावी ती दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून मी साइटचं नाव सुचवतच नाही.

चॅनेलवाला_सिन्नर
मी सप्ताहांचं शूटिंग आणि लाइव्ह करतो. धागा वाचून हसूही आलं आणि थोडा रागही. रात्री बारापर्यंत कॅमेऱ्यामागे उभं राहायचं, नेट पुरेना म्हणून दोन सिम जोडायचे, आणि लोक ऑडिओ काढून दुसऱ्या चॅनेलवर वर देवाचा फोटो लावून टाकतात. आमच्यापेक्षा त्यांना बघणारे जास्त!

पण अण्णांसारख्यांसाठी कोणी मागितलं तर नाही म्हणणारा माझ्या ओळखीत एकही नाही. आमचेच व्हिडिओ आम्हाला यूट्यूब स्टुडिओतून परत उतरवता येतात, मूळ फाइलही बऱ्याचदा हार्डडिस्कवर असते. वर्णनात नंबर दिलेला असतो ताई, तो कोणी वाचत नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी
कीर्तनाचं ठीक आहे. मी द्राक्षावरच्या व्याख्यानांचे ऑडिओ करून ठेवले होते. ऑक्टोबर छाटणीनंतर डोक्याला उसंत नसते, म्हटलं बागेत फिरता फिरता ऐकू. तर तज्ज्ञ सांगतायत, 'आता हे पान बघा. हा असा डाग दिसला की समजायचं डाऊनी. आणि हा जो दुसरा दिसतोय तो डाऊनी नाही.' (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग.) अरे कसला असा आणि कसला तसा! मी आपला खिशातल्या फोनकडे बघतोय.

शेवटी घरी येऊन व्हिडिओच लावला. वरून तेलकट पिवळा डाग आणि पान उलटलं की खाली पांढरी बुरशी. हे डोळ्यांनीच बघायचं काम आहे. खताचं वेळापत्रक, पाण्याचं गणित, बाजारभावाच्या गप्पा, एवढं कानाने चालतं. जीएच्या डिपिंगला (घड संजीवकाच्या पाण्यात बुडवायला) बाया बागेत असल्या की स्पीकर लावतो, पण तिथे माझं व्याख्यान कोण ऐकतंय. त्यांचं ठरलेलं असतं, आधी भारुड आणि मग सिरियलमध्ये काय झालं ते.

अंबडचा_फिटर
फवारणीचा ब्लोअर चालू असताना काय ऐकू येतं?

द्राक्षबाग_दिंडोरी
ब्लोअर.

मुक्तविद्यार्थिनी
मी मुक्त विद्यापीठातून बीए करतेय, दिवसा सातपूरला कंपनीत. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता व्याख्यानं ऐकते, १.५ च्या वेगाने. मराठीतून शिकवणारे सर-मॅडम एवढं सावकाश बोलतात की दीडपट वेगात ते नॉर्मल माणसासारखे वाटतात :D

एक अनुभव सांगते. वर्गाच्या ग्रुपवर कोणीतरी एक कन्व्हर्टर साइट टाकली. तिने पान उघडताच 'सूचना पाठवू का' असं विचारलं, मी घाईत 'अलाउ' केलं. त्यानंतर रात्री-अपरात्री फोनवर लॉटरी लागल्याचे संदेश. फोन रिसेट करायला निघाले होते, तर भावाने क्रोमच्या सेटिंगमध्ये साइट सेटिंग, नोटिफिकेशन असं जाऊन ती साइट काढली आणि सगळं शांत झालं. व्हायरस वगैरे काही नव्हतं.

बिटरेट_बुवा
तुमचं एवढ्यावर भागलं. सगळ्यांचं भागत नाही. २०२५ च्या मार्चमध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने फुकट ऑनलाइन कन्व्हर्टरबद्दल इशारा दिला होता: फाइल बदलून मिळते, पण सोबत घातक प्रोग्रॅमही येतो, किंवा तुम्ही चढवलेल्या फाइलमधली माहिती चोरली जाते.

दोन गोष्टी पाळा. आवाजाची फाइल कधीही 'इन्स्टॉल करू का' असं विचारत नाही. विचारलं की ती एपीके नाहीतर ईएक्सई, थेट डिलीट. दुसरं, स्वतःचा व्हिडिओ चढवून ऑडिओ करायचा असेल तर काही साइट तुमच्या ब्राउझरमध्येच काम करतात, फाइल बाहेर जात नाही. ओळखायचं कसं? पान पूर्ण उघडलं की नेट बंद करा आणि मग फाइल निवडा. तरीही रूपांतर झालं तर काम तुमच्याच मशिनवर चाललंय. अडकलं तर फाइल कोणाच्या तरी सर्व्हरवर जाणार होती.

पंचवटी_पासधारक
ही नेट बंद करायची युक्ती भारी आहे. वाखू (वाचनखूण) साठवली.

मुक्तविद्यार्थिनी
+१. आमच्या मॅडमना सांगते, त्या विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेचे व्हिडिओ बिनधास्त कुठेही चढवतात.

जुने_नाशिककर
अवांतर आहे, पण राहवत नाही. मे महिन्यात गोदाघाटावर पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. आम्ही तरुणपणी तिथे टेपरेकॉर्डर घेऊन पुढच्या रांगेत बसायचो. सी-नव्वदची कॅसेट, एका बाजूला ४५ मिनिटं. वक्ता नेमका रंगात आलेला असताना खट्ट आवाज व्हायचा आणि कॅसेट उलटेपर्यंत दोन वाक्यं जायची. माझ्याकडच्या प्रत्येक व्याख्यानात बरोबर मध्यावर असं एक भगदाड आहे. सराफ बाजाराकडे खालच्या मजल्यावर राहायचो, त्यामुळे निम्म्या कॅसेटी २००८ च्या पुरात गेल्या. उरल्यात त्या अशा डिजिटल करता येतील का?

बिटरेट_बुवा
काका, नक्की येतील. टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरच्या लाइन-इनला वायर आणि ऑडॅसिटी हा फुकट प्रोग्रॅम. लॅपटॉपला लाइन-इन नसेल तर यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मिळतं, घेताना 'लाइन-इन आहे ना' एवढं विचारा. ९० मिनिटांच्या कॅसेटला ९० मिनिटं लागणारच, तिथे शॉर्टकट नाही. आधी टेपचं हेड स्पिरिटने पुसा. पुराचं पाणी लागलेली एखादी उरली असेल तर ती स्वतः लावू नका, पट्टी चिकटलेली असते, तुटते. अवांतर अजिबात नाही, वाटल्यास वेगळा धागा काढा.

सिडकोचा_बाळ्या
काका, ती दोन-दोन वाक्यं आता एआयकडून भरून घेऊ.

जुने_नाशिककर
नको रे बाबा. वक्ता कोण होता ते एआयला कळलं तर तो स्वतःच उठून निघून जाईल.

निफाडकरीण
सगळ्यांचे आभार. अपडेट देते.

चॅनेलवाल्या दादांचं वाचून वर्णनातला नंबर शोधला आणि फोन केला. समितीचे अध्यक्ष म्हणाले, 'खुशाल ऐका, फक्त नेटवर परत टाकू नका. आणि व्हिडिओच्या मागे कशाला लागता, साउंडवाल्याकडे मिक्सरचं रेकॉर्डिंग असतं.' साउंडवाले दादा मिक्सरला पेनड्राइव्ह लावूनच ठेवतात म्हणे. त्यांनी सप्ताहाची आठही कीर्तनं दिली. वेव्ह फाइल होत्या, एकेक सव्वा जीबीच्या वर. व्हीएलसीमध्ये ६४ मोनो केल्या, कार्ड फोनमध्येच फॉरमॅट करून घेतलं. फाइलींची नावं देवनागरीत दिली होती तर फोन नुसते चौकोन दाखवत होता, म्हणून ०१, ०२ असे आकडे दिले.

आता गंमत. आवाज एकदम स्वच्छ, बुवांचा शब्द न् शब्द कळतो. अण्णांनी संध्याकाळभर ऐकलं आणि म्हणाले, 'हे कोरडं आहे गं. बुवा एकटेच बोलतायत. मागचे टाळकरी कुठे गेले?'

चॅनेलवाला_सिन्नर
अण्णांचे कान शाबूत आहेत. मिक्सरमध्ये फक्त ज्यांच्यासमोर माइक आहे त्यांचाच आवाज जातो: बुवा, पखवाज, पेटी, फार तर एक गायक. मागे उभे टाळकरी आणि मंडपातली माणसं यांना माइक कुठे असतो? बुवा 'विठ्ठल विठ्ठल' म्हणतात आणि समोरून उत्तरच येत नाही. लाइव्हला मी कॅमेऱ्याचा माइकही थोडा उघडा ठेवतो, त्यात मंडप येतो. शिवाय पोरांच्या किंकाळ्या आणि चहावाला.

निफाडकरीण
मग दोन्ही एकत्र करता येतील का? बुवा मिक्सरमधून आणि टाळकरी तुमच्या व्हिडिओतून?

बिटरेट_बुवा
ऑडॅसिटीत एकाखाली एक दोन ट्रॅक लावा, पहिल्या टाळाच्या ठोक्यावर जुळवा, मंडपाचा ट्रॅक हळू ठेवा. पण एक अडचण सांगून ठेवतो. दोन वेगळ्या यंत्रांची घड्याळं तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. सुरुवातीला बरोबर जुळवलेले टाळ दोन तासांनी किंचित मागे-पुढे पडायला लागतात आणि गजर एकाच वेळी दोन गावांत चालल्यासारखा वाटतो. त्यामुळे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून प्रत्येक तुकडा वेगळा जुळवावा लागेल. एका कीर्तनाला निम्मी रात्र जाईल. अण्णा गजरापुरते हट्टी असतील तर फक्त शेवटचा अर्धा तास करा.

तुकड्यांचा आणखी एक फायदा आहे. बटणाच्या फोनवर दोन तासांच्या फाइलमध्ये पुढे जायचं म्हणजे अंगठा दुखेपर्यंत बटण दाबून धरायचं. वीस मिनिटांचा तुकडा असला की फोन मध्येच बंद पडला तरी कुठे होतो ते सापडतं.

द्राक्षबाग_दिंडोरी
त्यापेक्षा थेट व्हिडिओचाच ऑडिओ द्या ना अण्णांना. चहावाल्यासकट. दादांची परवानगी आहे असं धरतो.

चॅनेलवाला_सिन्नर
परवानगी आहे. ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मूळ फाइल देतो, लिंक-बिंक चिकटवू नका कुठे. आणि पुढच्या सप्ताहाला साउंडवाल्याला सांगा, टाळकऱ्यांच्या दिशेने एक जादा माइक लाव, त्याचा आवाज स्पीकरला सोडू नको, फक्त रेकॉर्डिंगला घे. मग कसरतीची गरजच नाही.

निफाडकरीण
व्यनि केलाय दादा. साउंडवाल्यांशीही बोलले. ते तयार आहेत, फक्त विचारतायत की जादा माइकचं भाडं समिती देणार की अण्णा?